राख रस्त्यावर की रस्त्याखाली?

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात पालिकेचा पक्का रस्ता कितीतरी घरांच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. बारवी धरणाच्या रस्त्यालगतची फार्महाऊस, मलंगगडाच्या दिशेने वाढत गेलेल्या चाळी, वांगणीच्या अंगाचे नवे बंगले, या सगळ्यांचा मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंतचा शेवटचा तुकडा ज्याचा त्याने करून घ्यायचा असतो. उन्हाळ्यात तिथे धूळ उडते, पावसाळ्यात चिखल होतो आणि चढ असला तर जुलैत गाडी फाटकाबाहेरच लावावी लागते. मुरमाला पैसे पडतात, खडीला त्याहून जास्त पडतात. कोळशावर चालणाऱ्या कारखान्याला मात्र बॉयलरची राख रोज कुठेतरी टाकायचीच असते. त्यामुळे ती फुकट किंवा नुसत्या वाहतुकीच्या खर्चात मिळण्याजोगी असते. राख पसरली, पाणी मारले, चार वेळा गाडी फिरवली की करडी, सपाट, दिसायला नीटस वाट तयार होते. कोळशाची राख रस्त्याच्या कामाला उपयोगी आहे हे मला मान्यच आहे. माझा आक्षेप तिच्या जागेला आहे. तिची जागा रस्त्याच्या पोटात आहे, तीही चुन्याने किंवा सिमेंटने बांधून आणि वरून झाकून. मोकळी राख वरचा थर म्हणून अंथरली की तिचा खर्च दुसऱ्या रूपाने येतो, आणि तो बहुतेक वेळा त्याच घराच्या विहिरीला, त्याच घरातल्या मुलांच्या छातीला सोसावा लागतो.

राखेच्या वाटेला चांगले नाव मिळाले ते वाफेच्या काळात, आणि ते नाव खोटे नव्हते. ठाकुर्लीला चोळा गावाजवळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ च्या सुमारास कोळशावर चालणारे वीजघर उभारले. कल्याणच्या पुढे घाट चढणाऱ्या विजेच्या गाड्यांना त्याचा आधार होता, आणि १९८० च्या दशकापर्यंत ते चालले. वाफेची इंजिने तर प्रत्येक जंक्शनवर राखेचे ढीग मागे ठेवत. त्या काळी कोळसा जाळीवर, मोठ्या तुकड्यांत, सावकाश जळे. राख तापून अर्धवट वितळे आणि तिचे सच्छिद्र, टोकदार खडे बनत. इंग्रज त्याला सिंडर म्हणत. हे खडे एकमेकांत अडकून बसत, त्यांच्यातून पाणी झटकन खाली उतरे आणि चिखल होत नसे. म्हणून रेल्वेच्या यार्डांतल्या वाटा, आडबाजूचे फलाट, कारखान्यांची आवारे सिंडरची असत. धावण्याच्या शर्यतीही त्यावरच होत. १९५४ च्या मे महिन्यात रॉजर बॅनिस्टरने ऑक्सफर्डला चार मिनिटांच्या आत मैल पार केला तो सिंडरच्या धावपट्टीवर, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत धावपटूंच्या पायाखाली सिंडरच होते. मात्र त्या पट्ट्यांवर नियमित पाणी मारावे लागे, रोलर फिरवावा लागे, उखडलेला भाग पुन्हा भरावा लागे. चांगल्यातले चांगले सिंडरसुद्धा एकदा टाकून विसरून जाण्याची वस्तू कधीच नव्हती.

‘पूर्वी चालत होते, मग आता का चालू नये’ असे विचारणाऱ्याला पहिले उत्तर हेच की आजची राख ती राख नाही. औष्णिक वीज केंद्रात कोळसा आधी अतिशय बारीक दळतात आणि हवेबरोबर भट्टीत फुंकतात. तो काही क्षणांतच जळतो, आणि राखेचा सुमारे पाचातला चार भाग धुराबरोबर वर जातो. विजेच्या भारावर चालणारी यंत्रणा धुरातून ती पकडते, तीच फ्लाय ॲश. तिचे कण एक मायक्रॉनपासून शंभर मायक्रॉनपर्यंत असतात, म्हणजे पुष्कळसे कण माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बारीक. तळाशी पडते ती थोडी जाडसर, वाळूच्या जवळची राख. औषध, रसायन, कापड यांच्या कारखान्यांना लागते ती मुख्यतः वाफ. तिच्यासाठीच्या कोळशाच्या बॉयलरांत आता तरंगत्या थरात कोळसा जाळण्याची पद्धत पुष्कळ रुळली आहे. त्यात तापमान आठशे ते नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास मुद्दाम रोखलेले असते, त्यामुळे राख वितळतच नाही आणि खडे बनण्याचा प्रश्न येत नाही. गंधक धरून ठेवायला काही ठिकाणी भट्टीत चुनखडी घालतात. तशा राखेत उरलेला चुना पाणी लागल्यावर फुगतो आणि वरचा थर उचलून टाकतो. साखळीजाळीच्या जुन्या बॉयलरातून अजूनही खडे निघतात, पण गाडीत भरून आलेल्या ढिगात खडे किती आणि भुकटी किती हे कुणी सांगत नाही. मूठभर कोरडी राख बोटांत चोळून पाहावी. बोटांच्या रेषांत जाऊन बसणारी भुकटी असेल, तर सिंडरची जुनी कीर्ती तिला लागू होत नाही.

आता ही भुकटी अंबरनाथच्या पावसात ठेवून पाहू. इथे वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाण. त्यात खडेही असतात आणि त्यांना धरून ठेवण्यापुरती चिकण मातीही असते. म्हणून दाबून बसवलेला मुरूम घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरतो आणि पाण्याला बराच वेळ दाद देत नाही. राख कितीही दाबली तरी सव्वा टनाच्या आसपासच राहते, आणि तिच्यात चिकटपणा अजिबात नसतो. ओली असताना ती घट्ट वाटते हे खरे, पण ती घट्टाई समुद्रकाठी मुलांनी केलेल्या वाळूच्या किल्ल्याची असते. कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकत्र ओढून धरते. पाणी वाढले की पकड सुटते आणि आटले तरीही सुटते. राख टाकणाऱ्याची फसगत इथेच होते, कारण तो वाट पाहतो ती नेमकी पाणी मारल्यानंतरच्या दोन-चार दिवसांतली. पहिल्या मोठ्या सरीत चढावर ओघळी पडतात, चाकोऱ्यांत पाणी साचते, आणि हलकी राख सगळ्यात आधी उतारावरच्या नाल्यात जाते. उरते ती दिवाळीनंतर सुकते आणि प्रत्येक गाडीमागे उडते. या धुळीत सिलिकाचा अंश असतो. फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक कणही असतात. अंगणात खेळणारे मूल आणि रोज सकाळी ती वाट झाडणारी बाई हीच धूळ श्वासात घेतात.

पाण्याचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि तो थोडा समजून घ्यावा लागतो. कोळशात आर्सेनिक, सेलेनियम, शिसे, क्रोमियम, बोरॉन, मॉलिब्डेनम ही मूलद्रव्ये अगदी अल्प असतात. कोळसा जळून जातो, ती मागे राहतात, त्यामुळे राखेत त्यांचे प्रमाण कोळशातल्यापेक्षा कितीतरी पट वाढते. शिवाय यातली काही भट्टीत वाफ होऊन उडतात आणि धूर निवताना राखेच्या कणांच्या पृष्ठभागावर येऊन बसतात, म्हणजे पाण्याला सहज लागतील अशा जागी. सगळी राख सारखी नसते. कोळसा कुठला, तो कसा जाळला, राख आम्लधर्मी की अल्कधर्मी, यावर काय आणि किती झिरपेल हे ठरते. म्हणून प्रत्येक राखेला विष म्हणणे चूक आहे. तपासणीविना तिला निर्धोक म्हणणेही तितकेच चूक आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराजवळ, टाऊन ऑफ पाइन्स नावाचे छोटे गाव आहे. जवळच्या वीज केंद्राची राख तिथे अनेक वर्षे रस्त्यांखाली, अंगणांत आणि घरापर्यंतच्या वाटांवर भराव म्हणून वापरली गेली. राख फुकट होती, मऊ जमिनीला भर मिळत होती, कुणाला वावगे वाटले नाही. २००० नंतर गावातल्या विहिरींच्या पाण्यात बोरॉन आणि मॉलिब्डेनम आढळले. केंद्रीय पर्यावरण संस्थेला हस्तक्षेप करावा लागला, अनेक घरांना शेजारच्या शहरातून नळाचे पाणी द्यावे लागले, आणि पुढे अंगणांतली आर्सेनिकयुक्त माती खोदून नेण्याची पाळी आली. फुकट आलेली राख परत उचलायला काय पडते, याचा याहून सरळ दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडचे भूगोलाचे चित्र पाइन्सपेक्षा निवांत नाही. वालधुनी नदी अंबरनाथ तालुक्यातच काकोळ्याच्या बाजूला उगम पावते, इसवी सन १०६० च्या शिलालेखाच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. कारखान्यांच्या सांडपाण्याने ती आधीच इतकी पोळली आहे की तिच्यात आणखी काही जाऊ देणे हा अन्याय आहे. उल्हास नदीचे पाणी तर बदलापूर, अंबरनाथपासून उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवलीपर्यंत लाखो माणसे पितात. एका बंगल्याच्या वाटेने नदी बिघडणार नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्या बंगल्याची विहीर वाटेपासून दहा पावलांवर असते, आणि पावसाळ्यात इथल्या विहिरींचे पाणी जमिनीच्या अगदी जवळ आलेले असते. वाटांवरून ही सवय सखल जागांच्या भरावावर गेली की हिशेब नदीपर्यंत पोहोचतो. २६ जुलै २००५ ला उल्हासच्या पुराने काय केले ते इथे सर्वांना ठाऊक आहे, आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली तेव्हा हेच सखल पट्टे पाण्याखाली होते. अशा जागी मोकळी राख टाकणे म्हणजे ती नदीत जायला फक्त एका मोठ्या पावसाची वाट पाहणे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व ओढ्यांत गेले. तिथे प्रमाण अवाढव्य होते, पण राख आणि पाऊस यांचे नाते तेच.

‘सरकारच राख वापरा म्हणते, मग तुमचा आक्षेप का?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेपासून केंद्र सरकारने राखेचा वापर बंधनकारक करत आणला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतःचे फ्लाय ॲश धोरण जाहीर केले, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने वापर न झालेल्या राखेवर टनाला हजार रुपयांची भरपाई लावली. याचा परिणाम दिसतो. १९९६-९७ मध्ये देशातल्या वीज केंद्रांतून सुमारे ६.९ कोटी टन राख निघत होती आणि तिचा जेमतेम दहावा भाग वापरला जात होता. २०२१-२२ मध्ये राख २७ कोटी टनांवर गेली आणि वापर ९५ टक्क्यांच्या पुढे. हे मोठे यश आहे आणि मला त्याचे मोल वाटते. पण सरकार कसे वापरा म्हणते तेही वाचायला हवे. इंडियन रोड्स काँग्रेसने फ्लाय ॲशच्या भरावासाठी एसपी ५८ ही मार्गदर्शिका काढली. दिल्लीत ओखला उड्डाणपूल आणि दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या पोचरस्त्यांत अशा राखेचा भराव झाला. त्या मार्गदर्शिकेत राखेच्या भरावाला बाजूंनी साधारण एक ते तीन मीटर जाडीचे मातीचे आवरण सांगितले आहे, उंच भरावात मधूनमधून मातीचे थर सांगितले आहेत आणि वरून मातीचा थर देऊनच रस्ता बांधायचा आहे. राख पावसाने वाहून जाते आणि वाऱ्याने उडते हे गृहीत धरूनच ही रचना आहे. म्हणजे माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम साक्षीदार तीच मार्गदर्शिका आहे.

कायद्यात एक फट आहे, तीही इथल्या वाचकाने लक्षात घ्यावी. २०२१ ची अधिसूचना कोळशावरच्या वीज केंद्रांना लागू आहे, कारखान्यांच्या स्वतःच्या वीज केंद्रांनाही. पण नुसती वाफ करणाऱ्या बॉयलरची राख त्या हिशेबात येत नाही. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातल्या अटीवर चालते, आणि ती अट बहुधा राख वीट बनवणाऱ्यांना द्यावी अशी असते. शिवाय २०१६ च्या घातक कचरा नियमांनी फ्लाय ॲशला ‘प्रमाण मोठे, परिणाम कमी’ या गटात टाकून घातक कचऱ्यातून वगळले आहे. या वगळण्याचा आधार घेऊन ‘राख निर्धोक ठरली आहे’ असे सांगितले जाते. नियमाचा अर्थ तेवढा नाही. घातक कचऱ्याची परवाने-नोंदीची यंत्रणा एवढ्या प्रचंड ढिगाला लावता येत नाही म्हणून तिच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, इतकाच तो निर्णय आहे.

दुसरा आक्षेप याहून तर्कशुद्ध आहे. आपल्या घराच्या सिमेंटमध्ये राख आहे, विटेत राख आहे, मग अंगणात असली तर काय बिघडले? बाजारात मिळणाऱ्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते हे अगदी खरे. पण तिथे ती राख राहिलेली नसते. तिच्यातला काचेसारखा सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात सावकाश संयोग पावतो आणि त्यातून बांधून ठेवणारा पदार्थ तयार होतो. छिद्रे बुजतात, पाण्याची ये-जा मंदावते आणि धातू बऱ्याच अंशी त्या दगडात अडकून पडतात. भारतीय राखेत स्वतःचा चुना सहसा कमी असतो, म्हणून नुसते पाणी मारून ती कधी सिमेंट होत नाही. बाहेरून चुना किंवा सिमेंट द्यावेच लागते. याचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. सह्याद्रीच्या कड्यावर, शहापूर आणि अकोले तालुक्यांच्या हद्दीवर, घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. तिथले धरण रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे, या पद्धतीचे भारतातले पहिले, आणि त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा फ्लाय ॲश जास्त आहे. सह्याद्रीचा पाऊस झेलत ते उभे आहे. राखेच्या अंगी किती ताकद आहे हे घाटघर सांगते, आणि ती कधी येते हेही सांगते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. मुरूम आणि खडी कुठून येते? याच परिसरातले डोंगर पोखरून. राख नको म्हणून मुरूम घ्या असे सांगणारा पर्यावरणाचा कैवार कसा घेतो? डोंगर कापले जात आहेत, आणि गौण खनिजाची चोरटी खणती हा ठाणे जिल्ह्याचा जुना आजार आहे. म्हणूनच मला राख वापरायला हवी आहे. पण डोंगर वाचतो तो राख विटेत, सिमेंटमध्ये, पेव्हर ब्लॉकमध्ये आणि रस्त्याच्या खालच्या थरात गेली तर. वाटेवर पसरलेली राख दोन पावसाळ्यांत वाहून गेली की त्याच वाटेला पुन्हा मुरूमच लागतो, म्हणजे डोंगरही कापला जातो आणि नालाही भरतो. चाळीतल्या माणसाला परवडणाऱ्या गोष्टीचाही विचार केला पाहिजे. त्याला चिखलातून मुलाला शाळेत न्यायचे असते, आणि ‘काँक्रीट करा’ असे सांगणे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखे आहे. पण त्याच्या वाटेचा चिखल मुख्यतः पाण्याला जायला जागा नसल्यामुळे होतो. आधी पाणी काढले तर निम्मे काम थोड्या मुरमातही होते.

ते असे. दहा फूट रुंद वाटेचा मध्य कडांपेक्षा अडीच इंच उंच ठेवावा, निदान एका कडेला चर काढावा, आणि चढ असेल तर मधूनमधून आडवी पन्हाळ द्यावी. तळाला डबराचे सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलर, रोलर नसेल तर धुम्मस. एवढ्यावर साधी वाट वर्षानुवर्षे चालते आणि दर दिवाळीनंतर थोडी भर घातली की पुरते. राख वापरायचीच असेल तर ती सोलिंगच्या वर, चुना, वाळू आणि खडी यांच्याबरोबर कालवून. इंडियन रोड्स काँग्रेसने चुना-फ्लाय ॲश काँक्रीटचा खालचा थर कसा करावा हे १९७६ मध्येच लिहून ठेवले आहे. हा संयोग सिमेंटपेक्षा मंद असतो. काही आठवडे थर ओला ठेवावा लागतो आणि पावसाआधी त्याला पुरता वेळ मिळावा लागतो, म्हणून काम दिवाळी ते होळी या दरम्यानच करावे. वर पेव्हर ब्लॉक, काँक्रीट किंवा निदान सहा इंच दाबलेला मुरूम हवा आणि दोन्ही कडांना दगडाची पट्टी. विहीर किंवा बोअरवेल जवळ असेल, किंवा पावसाळ्यात पाणी त्या पातळीपर्यंत चढत असेल, तर राखेचा विचारच सोडावा. ज्यांच्या वाटेवर राख आधीच पडली आहे त्यांनी ती उकरून दुसरीकडे नेऊ नये, कारण उकरताना धूळ सर्वांत जास्त उडते. ती ओली करून दाबावी, वर मुरूम चढवावा आणि चर असा वळवावा की पाणी विहिरीकडे जाणार नाही.

फुकट राखेची गाडी दारात आली तर चालकाला विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत: राख कोणत्या कारखान्याची, कोणत्या बॉयलरची, तपासणीचा कागद आहे का, आणि कारखान्याच्या संमतिपत्रात ही राख कुठे जायची म्हणून लिहिले आहे. संमतिपत्रे गुप्त नसतात, सोसायटीला किंवा ग्रामपंचायतीला ती मागून पाहता येतात. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या बॉयलरांची आणि राखेच्या गाड्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली, तर प्रत्येक वाट तपासत फिरावे लागणार नाही. विटा आणि पेव्हर ब्लॉक बनवणाऱ्यांना या राखेची गरज असते. ती त्यांच्यापर्यंत ताडपत्री लावलेल्या गाडीतून पोहोचवण्याची जबाबदारी राख निर्माण करणाऱ्याची आहे, आणि त्या वाहतुकीचा खर्चही त्यानेच उचलायचा आहे.